बेकु किती, साकु कुठे?

काम आणि गेम या दोन्हींसाठी घरचा संगणक जुळवताना

आपल्या भागातल्या घरांत खरेदीची चर्चा बहुधा दोन भाषांत होते. मुलगा ‘बेकु’ म्हणून हट्ट धरतो, वडील मराठीत ‘कशाला?’ विचारतात आणि शेवटी आजी ‘साकु’ म्हणून विषय मिटवते. फ्रीज, मिक्सर, टीव्ही यांच्या बाबतीत हे जमून जाते, कारण ती वस्तू एकसंध असते. पाहायची, भाव विचारायचा, घ्यायची किंवा सोडायची. पण ज्याला आपण ‘असेंबल केलेला’ म्हणतो, तो संगणक तसा नसतो. त्यात आठ-नऊ वेगवेगळे भाग असतात, प्रत्येकाचा कारखाना वेगळा, भाव वेगळा आणि वॉरंटीही वेगळी. म्हणून इथे ‘बेकु’ आणि ‘साकु’ हे एकदा म्हणून भागत नाही. प्रत्येक भागापाशी थांबून ते नव्याने ठरवावे लागते.

हा प्रश्न सध्या बऱ्याच घरांत आला आहे. विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. दुसरीकडे मुलांचे शिक्षण बदलले आहे. १९९८ साली बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आले आणि अभियांत्रिकीचा अभ्यास घरोघरी पोहोचला. कोणी वास्तुरचना शिकते, कोणी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, कोणी ॲनिमेशन. या सगळ्यांना दणकट संगणक लागतो आणि त्याच संगणकावर गेमही चांगला चालतो. पालकांच्या कानी मात्र फक्त ‘गेम’ हा शब्द पडतो, आणि मग भांडणाला तोंड लागते.

मी अर्थशास्त्र शिकवतो, संगणकशास्त्र नव्हे. पण २०२५ च्या जून महिन्यात माझ्या भाच्याचा संगणक घ्यायचा होता, तेव्हा तीन संध्याकाळी मी त्या घरी बसलो होतो. दाजींचे उद्यमबागमध्ये जॉबवर्कचे छोटे वर्कशॉप आहे. भाचा मेकॅनिकलला. हातात एकूण एक लाख रुपये, त्यावर एक पैसा नाही. त्या तीन संध्याकाळी जे शिकायला मिळाले, ते इतर घरांनाही उपयोगी पडेल असे वाटते.

आधी कामाची यादी, मग भागांची

भाच्याने पहिल्या दिवशी जी यादी आणली, तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘अभ्यास आणि प्रोजेक्ट’ असे लिहिले होते. खाली सर्वांत महागडे ग्राफिक्स कार्ड, काचेचा कॅबिनेट आणि सहा रंगीत पंखे. दाजींनी चष्मा वर करून विचारले, “काय रे, अभ्यास करूलालास की वरात काढूलालास? एवढे लाइट कशाला?” मुलगा गप्प. बहिणीने चहा ठेवला.

मी दोघांनाही कोरा कागद दिला आणि म्हटले, आता संगणकाचे नाव काढायचे नाही. त्यावर तुम्ही काय करणार आणि रोज किती तास, एवढेच लिहा. खरे लिहा. भाच्याने थोडा वेळ पेन चावले आणि मग लिहिले : सॉलिडवर्क्सवर मॉडेल, रोज दोन तास, प्रोजेक्टचे रेंडरिंग, अधूनमधून, मित्रांबरोबर व्हॅलोरंट, रोज तास-दीड तास, सुट्टीत सायबरपंकसारखा मोठा गेम. दाजींनी लिहिले : पार्ट्यांकडून येणारी ड्रॉइंग उघडून पाहणे, कोटेशन, जीएसटीची बिले. बहिणीनेही कागद मागून घेतला आणि लिहिले : बचत गटाची पत्रके, मराठी आणि कानडी दोन्हींत.

त्या तीन कागदांनी अर्धे काम केले. गेम ‘अभ्यास’ या शब्दाखाली लपवला की दुकानदारही फसतो आणि घरही फसते. अभ्यासापुरते म्हणून घेतलेला संगणक गेमला अपुरा पडतो, वर्षभरात पुन्हा पैशांची मागणी होते आणि तेव्हा वडिलांना वाटते की आपल्याला फसवले. उलट बाजूही आहे. वडील खरा आकडा सांगत नाहीत, ‘बघू, घेऊ’ म्हणत राहतात, आणि मुलगा दीड लाखाची स्वप्ने पाहतो. मुलाने खेळ लपवायचा नाही आणि वडिलांनी रक्कम लपवायची नाही, एवढे झाले तर पुढचा सगळा हिशेब सोपा आहे.

पडदा ठरवतो कार्ड

बहुतेक जण ग्राफिक्स कार्डापासून सुरुवात करतात. माझ्या मते मॉनिटरपासून करावी. कारण कार्डाचे काम म्हणजे पडद्यावरचा प्रत्येक ठिपका रंगवणे. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ते सुमारे ८३ लाख, बरोबर चौपट. म्हणजे मोठ्या पडद्याच्या हौसेपायी कार्डावरचे ओझे चौपट वाढते, आणि ते पेलणारे कार्ड घ्यायचे तर आमचे सगळे बजेट त्यातच संपले असते. चोवीस इंची फुल एचडी पडदा ‘साकु’ हे तिथेच ठरले.

मॉनिटरचा दुसरा आकडा हर्ट्झचा. सेकंदाला पडदा किती वेळा नवे चित्र दाखवतो, ते त्यातून कळते. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते, १४४ हर्ट्झवर सुमारे ६.९ मिलिसेकंद. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या चपळ नेमबाजीच्या खेळांत हा फरक डोळ्याला आणि हाताला जाणवतो. कोटेशन टाइप करणाऱ्याला त्याचे फारसे काही नाही. विशेष म्हणजे हे खेळ कार्डावर फारसा भार टाकत नाहीत. त्यांना चांगला प्रोसेसर आणि चपळ पडदा लागतो. सायबरपंकसारखे देखाव्यांनी भरलेले खेळ मात्र कार्डाची खरी परीक्षा घेतात. म्हणून ‘गेमिंगसाठी’ एवढे सांगून भागत नाही. कोणता गेम, हे सांगावे लागते.

कार्ड निवडताना नावातला आकडा मोठा म्हणजे सगळेच जास्त, असे धरून चालू नये. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० हे कार्ड २०२१ च्या सुरुवातीला १२ जीबी मेमरीसह आले. २०२३ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०६० ला मात्र ८ जीबीच मेमरी आहे. नवे कार्ड वेगवान आहे, वीजही कमी खाते, पण मोठे दृश्य रेंडर करताना किंवा जड गेममध्ये सर्व सजावट चढवताना मेमरी आधी भरते. आम्ही शेवटी ८ जीबीचे आरटीएक्स ५०६० घेतले. फुल एचडी पडदा आणि विद्यार्थ्याची मॉडेल यांना ते पुरेसे होते. फोर-के व्हिडिओचा धंदा करणाऱ्याने मात्र जास्त मेमरीच्या कार्डाचा विचार करावा.

जुने कार्ड स्वस्तात घेण्याचा मोह अनेकांना होतो. इथे एक इतिहास लक्षात ठेवावा. इथेरियम या आभासी चलनाचे ‘खाणकाम’ ग्राफिक्स कार्डांवर चालत असे. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाची पद्धत बदलली, कार्डांचे ते काम संपले आणि दिवसरात्र राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. त्यातली सगळीच वाईट नसतात. पण बिल आणि उरलेली वॉरंटी नसेल, समोर तासभर चालवून दाखवत नसतील, तर स्वस्त भावाला भुलू नये.

लेथ मोठा, मोटर लहान?

आता प्रोसेसर. इथे दाजींनी जे सांगितले, ते मला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त पटले. “लेथला मोठा चक लावायचा आणि मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची ठेवायची, मग जॉब कसा फिरणार?” संगणकाचेही तसेच. महागडे कार्ड आणि कमकुवत प्रोसेसर घेतला, तर कार्ड रिकामे बसून वाट पाहते. उलट केले तर प्रोसेसर वाट पाहतो. दोन्ही वेळा पैसा दुकानात गेला आणि कामाला आला नाही.

प्रोसेसरमध्ये किती ‘कोर’ आहेत याचीच जाहिरात जास्त होते. पण सॉलिडवर्क्स किंवा ऑटोकॅडमध्ये मॉडेल उभे करताना बहुतांश काम एकाच कोरवर चालते. तिथे कोरांची संख्या नव्हे, एका कोरचा वेग कामाचा. रेंडरिंग आणि व्हिडिओचे रूपांतर यांत मात्र सगळे कोर जुंपले जातात. ज्याचे रोजचे पोट रेंडरिंगवर आहे, त्याने जास्त कोर घ्यावेत. विद्यार्थ्याला सहा चांगले कोर साकु. आम्ही एएमडीचा रायझन ५ ७६०० घेतला : सहा कोर, २०२३ च्या जानेवारीत आलेला, म्हणजे नवाकोरा नव्हे, पण त्यामुळेच भाव उतरलेला.

त्याच्या निवडीला आणखी दोन कारणे होती. पहिले, त्याच्या पोटात स्वतःचे छोटे ग्राफिक्स असते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असते, त्यांत ते नसते. ते थोडे स्वस्त मिळतात. पण कार्ड बिघडून वॉरंटीसाठी पाठवले, की ‘एफ’वाला संगणक महिनाभर अंधारात बसतो. दाजींची कोटेशन थांबून चालणार नव्हती. दुसरे कारण बोर्डाच्या खाचेचे. एएमडीची आधीची एएम-४ ही खाच २०१६ मध्ये आली आणि तिच्यासाठी अनेक वर्षे नवे प्रोसेसर निघत राहिले. २०२२ मध्ये आलेल्या एएम-५ या खाचेला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ, असे कंपनीने जाहीर केले आहे. चार वर्षांनी बोर्ड तोच ठेवून प्रोसेसर बदलता येईल, हा विचार मध्यमवर्गीय घराला महत्त्वाचा वाटतो.

मदरबोर्डात आम्ही हात आखडता घेतला. बोर्ड महाग झाला म्हणून गेम जोरात पळत नाही. प्रोसेसरची खाच जुळते का, रॅमचा प्रकार जुळतो का, लागतील तेवढी छिद्रे आहेत का आणि प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर उष्णता घालवणारी धातूची पट्टी आहे का, एवढे पाहावे. प्रोसेसर नवा आणि बोर्ड दुकानात पडून राहिलेला असेल, तर बोर्डाच्या बायोसला तो प्रोसेसर ओळखताच येत नाही. दुकानदाराकडून बायोस अद्ययावत करून घ्यावे.

रॅमच्या बाबतीत तीन गोष्टी. डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-५ च्या खाचेत बसत नाही, आणि एएम-५ ला डीडीआर-५ च लागते. एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा सारख्या दोन पट्ट्या घ्याव्यात, कारण मग दोन्ही मार्गांनी एकदम माहिती वाहते. आणि ‘दोन आता, दोन नंतर’ हा बेत डीडीआर-५ मध्ये तितकासा चांगला नाही. चारही खाचा भरल्या की अनेक बोर्डांवर वेग खाली येतो. आम्ही १६ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या.

हा भाव मात्र आज कोणी आमच्याकडून घेऊ नये. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना मेमरीची प्रचंड भूक लागली आणि मेमरी बनवणाऱ्या मोजक्या कंपन्या तिकडे वळल्या. मायक्रॉन कंपनीने तर ‘क्रुशियल’ या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचे डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. कांद्याचा भाव चढला की आपण भाजीचा बेत बदलतो, तसे इथेही करावे : रॅमचा भाव आधी विचारायचा आणि मग बाकीची वाटणी करायची. गरज पडल्यास ८ जीबीच्या दोन पट्ट्यांवर सुरुवात करता येते. बहुतेक गेम आणि अभ्यास त्यावर निभतो.

साठवणुकीसाठी एसएसडीच घ्यावी, यात आता वाद उरला नाही. साट्याच्या केबलवर चालणारी एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते. बोर्डावरच बसणारी एनव्हीएमई साडेतीन हजार ते सात हजारांपर्यंत जाते. तरी घरगुती वापरात हार्ड डिस्क ते एसएसडी हा फरक डोळ्यांत भरतो, आणि एका एनव्हीएमईपासून दुसरीपर्यंतचा फरक फारसा जाणवत नाही. १ टीबीची मध्यम एनव्हीएमई साकु. आजकालचे मोठे गेम एकेकटे शंभर जीबीच्या आसपास जागा व्यापतात, म्हणून त्याहून लहान नको.

न दिसणारा खर्च

ज्या भागावर सर्वांत आधी काटछाट होते, तो म्हणजे एसएमपीएस. तो कॅबिनेटच्या पोटात असतो, त्याला दिवे नसतात, मित्रांना दाखवता येत नाही. पण घरात येणारी वीज सगळ्या भागांना वाटून देणारा तोच. तो जळताना कधी कधी बरोबर बोर्ड आणि कार्डही घेऊन जातो. कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ मिळणारा एसएमपीएस कितीही आग्रह झाला तरी घेऊ नये.

किती वॅटचा घ्यावा, याचे गणित सोपे आहे. आमच्या प्रोसेसरची कमाल ८८ वॅट, कार्डाची १४५ वॅट, बाकी सगळे मिळून साठ-सत्तर. बेरीज सुमारे ३०० वॅट. कार्ड क्षणभर उसळी मारते आणि पुढे मोठे कार्ड येऊ शकते, हे धरून ६५० वॅटचा घेतला. ‘८० प्लस’ या शिक्क्याचा अर्थही समजून घ्यावा. तो शिक्का कार्यक्षमतेचा आहे : २०, ५० आणि १०० टक्के भारावर निदान ८० टक्के वीज कामी येते, बाकीची उष्णता होऊन जाते. ब्राँझ, गोल्ड या त्याच्या वरच्या पायऱ्या. पण त्यावरून टिकाऊपणा कळत नाही. त्यासाठी वॉरंटीची वर्षे पाहावीत. चांगल्या एसएमपीएसला पाच वर्षे किंवा जास्त मिळतात.

वीजबिलाची भीती दाजींना होती, म्हणून तेही गणित मांडले. आत ३०० वॅट लागत असतील आणि कार्यक्षमता ८५ टक्के असेल, तर भिंतीतून सुमारे ३५३ वॅट ओढले जातात. रोज तीन तास पूर्ण ताकदीने गेम खेळला तर महिन्याला सुमारे ३२ युनिट, मॉनिटरचे वेगळे. टायपिंग करताना हा आकडा फार खाली येतो. हा हिशेब भाच्याच्याच हाताने लिहून घेतला आणि तो कागद बहिणीने फ्रीजवर लावला.

वळवाच्या पावसात वीज कशी येते-जाते, ते सांगायला नको. यूपीएस हा चैनीचा भाग नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो; गेम खेळताना वीज गेली तर तो काठावर येतो. म्हणून १००० व्हीएच्या आसपासचा घेतला. त्याचा उपयोग खेळ पुढे चालू ठेवण्यासाठी नाही, काम जपून संगणक नीट बंद करण्यासाठी आहे. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे का आणि त्यावरचे बटण ‘यूपीएस मोड’वर आहे का, ते पाहावे. आणि जुन्या घरांत आधी अर्थिंग तपासावे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर संगणकवाल्याला नव्हे, वायरमनला बोलवायचे.

कॅबिनेटमध्ये रंगीत पंख्यांऐवजी समोर जाळी असलेला साधा घेतला. आपल्याकडचा धुरळा लक्षात घेता काढून धुता येणारी जाळी महत्त्वाची. कार्डाची लांबी आणि कॅबिनेटमधली जागा मोजून पाहावी. संगणक जमिनीवर न ठेवता वीतभर उंच ठेवावा. फरशी पुसताना पाण्यापासून वाचतो आणि धूळही कमी ओढतो.

शेवटी शंभर रुपयांची वाटणी अशी झाली : कार्ड ३०, प्रोसेसर १८, बोर्ड १२, मॉनिटर १०, रॅम ९, एसएसडी ६, एसएमपीएस ६, यूपीएस ५ आणि कॅबिनेट ४. कीबोर्ड आणि माउस जुनेच. हा सर्वांसाठीचा मंत्र नव्हे. ज्याला गेम नको, फक्त कोटेशन आणि अभ्यास हवा, त्याने कार्डाचे ३० घरातच ठेवावेत आणि प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिक्सवर काम चालवावे. मुलगा वसतिगृहात राहणार असेल तर तर हा सगळा खटाटोप सोडून लॅपटॉप घ्यावा.

मुंबई की बेंगळूर?

आपले गाव मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून आणि बेंगळूरच्या एस.पी. रोडपासून साधारण सारखेच लांब, दोन्हीकडे पाचशे किलोमीटरच्या आसपास. कोल्हापूर आणि हुबळीही शंभराच्या आसपास. त्यामुळे ‘तिकडे स्वस्त मिळते’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला आणि संगणकाच्या भागांवर १८ टक्के कर दोन्ही राज्यांत सारखाच झाला. फरक राहिला तो दुकानदाराच्या नफ्याचा आणि बिलाचा. बिल नसलेला माल स्वस्तच असतो, कारण त्यातून वॉरंटी वजा झालेली असते.

आम्ही गावातल्याच एका दुकानातून सगळे घेतले. दोन-तीन भाग थोडे महाग पडले. पण बिघाड झाला तर एकच उंबरा झिजवायचा, हा हिशेब. यादीत प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल लिहिले होते, त्याचा लगेच उपयोग झाला. जोडणीच्या दिवशी दुकानातल्या पोऱ्याने दुसराच एसएमपीएस काढला. “काका, सेमच आहे.” दाजींनी खिशातली यादी काढून शांतपणे कानडीत सांगितले, की सेम असेल तर यादीतलाच दे. तो पाच मिनिटांत मिळाला.

बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्यावा. प्रोसेसर सीलबंद खोक्यातलाच घ्यावा. त्याला सहसा तीन वर्षांची वॉरंटी असते, सुट्या ‘ट्रे’ प्रोसेसरची खात्री नसते. सगळी खोकी माळ्यावर जपून ठेवावीत. वॉरंटीचे केंद्र कुठे आहे, हे पैसे देण्याआधी विचारावे.

घरी आणल्यावर तीन गोष्टी पाहायच्या. मॉनिटरची केबल बोर्डाला नव्हे, कार्डालाच लावली आहे ना? विंडोजच्या सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडले आहे ना? आणि रॅमचा पूर्ण वेग बायोसमधून चालू केला आहे ना? या तीन गोष्टी राहून गेल्या, तर महागडा संगणक स्वस्त संगणकासारखा वागतो आणि दोष भागांना दिला जातो.

सॉफ्टवेअरचाही विचार यादीतच करावा. ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना आपली सॉफ्टवेअर मोफत वापरू देते. ब्लेंडर सर्वांनाच मोफत आहे, डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही आहे. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारा व्हायरस हे भाग जुळवण्याची सगळी मेहनत वाया घालवतो.

दोन लिप्या, एकच कीबोर्ड

बहिणीच्या कागदावरच्या ओळीला किती पैसे लागले? शून्य. पूर्वी मराठीसाठी एक आणि कानडीसाठी दुसरे सॉफ्टवेअर, फाँटही वेगळे. एकाचे दुसऱ्याला वाचता येत नसे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांना जागा होती. आज विंडोजमध्ये दोन्ही भाषांचे कीबोर्ड आधीच असतात. सेटिंगमध्ये जाऊन फक्त जोडायचे. ‘निर्मला’ या एकाच फाँटमध्ये दोन्ही लिप्या आहेत.

आणि सर्वांत सुंदर गोष्ट इनस्क्रिप्टची. या सरकारी मानक कीबोर्डवर मराठीचा ‘क’ ज्या कळीवर आहे, त्याच कळीवर कानडीचा ‘क’ आहे. ‘प’ आणि ‘र’चेही तसेच. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. एक लिपी शिकलेले बोट दुसरी लिपी फुकट शिकते. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. बहिणीने आठवडाभरात बचत गटाचे पत्रक दोन्ही भाषांत केले. ज्या कागदावर काहीच खर्च झाला नाही, त्या कामाचा उपयोग घराला सर्वांत आधी झाला.

गेमबद्दलची भीती मात्र कार्डाच्या निवडीने जात नाही. ती वेगळ्या बोलण्याने जाते. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्सला पदके होती, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा करताना ई-स्पोर्ट्सला वेगळे, मान्य स्थान दिले. खेळ आणि जुगार यांतला हा फरक पालकांनी समजून घ्यावा; तासांची मर्यादा घरात बसून ठरवावी. संगणक बंद दाराच्या खोलीऐवजी सर्वांच्या वावरात ठेवला, तर वडिलांनाही ड्रॉइंग उघडायला संकोच वाटत नाही.

संगणक जुळवायचा म्हणजे भागांचा मेळ घालायचा, हे दुकानदार सांगतो. त्याआधी घरातल्या माणसांचा मेळ घालावा लागतो. ज्याच्या त्याच्या ‘बेकु’ला कागदावर जागा मिळाली, की ‘साकु’ म्हणायला कुणाला जड जात नाही.